उताराचा वाटा

गटाराच्या बोगद्यात माती ढासळली आणि बोका आत अडकला. बोका म्हणजे कामावरच्या मोजणीवाल्या बाईचा धाकटा दीर. वर खणायचं यंत्र एकच, आतली हवा सरत चाललेली. म्हणजे खड्डाही एकच, आणि तो चुकला तर माणूस गेला.

त्याच्या बुटातला सेन्सर तिनेच बसवलेला. तो जागा सांगत नाही, वेग किती बदलला एवढंच सांगतो. बदलांची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर. कमरेच्या दोरीबरोबर सोडलेल्या तारेवरून माती ढासळेपर्यंतचे आकडे वर आले होते. दोरी आत सैल पडलेली, तिच्या लांबीवरून जागा कळत नव्हती. तिने लॅपटॉपवर हिशेब केला, तर ठिपका बोगदा सोडून थेट पलीकडच्या शाळेत!

"वा! दीर शाळेत गेले म्हणायचे, आयुष्यात पहिल्यांदा," कंत्राटदार म्हणाला. "बाई, मिटा ते खेळणं. शेवटची हाक गटाराच्या चौथ्या झाकणाखालून आली. तिथेच खणू."

बोगद्यात हाक कुठूनही आल्यासारखी वाटते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण चौथं झाकण रस्त्याच्या कडेला होतं. मधला रस्ता फोडला असता तर परवानगीवाले त्याच्या मानगुटीवर बसले असते. माणसापेक्षा डांबर महाग!

तिने मुकादमाला विचारलं, "आत जाण्याआधी, सेन्सर शून्यावर लावताना बूट स्थिर ठेवले होते ना?"

"वहिनी, शपथ घेतो, तसूभर हलले नाहीत. खाली चिखल, म्हणून गाडीच्या मागच्या, खाली पाडलेल्या फळीवर ठेवले. नेहमी तिथेच ठेवतो."

ती धावली. फळी बिजागरीपाशी खचून पुढे झुकलेली. बूट स्थिर होते, पण तिरके! सेन्सरने ते तिरकेपणच सपाट धरलं, आणि तेव्हापासून पृथ्वीच्या ओढीचा एक वाटा तो चाल म्हणून मोजत बसला. चूक कणाएवढी, पण बेरजेवर बेरीज चढली की कणाचा डोंगर होतो. 'हलवू नका' असं तिने दहादा बजावलं होतं. 'सपाट ठेवा' असं एकदाही नाही.

गवंड्याची पाणसळ फळीवर टेकवून तिने उतार मोजला, तेवढा वाटा वजा केला. मग बूट जमिनीला टेकला की वेग शून्य धरला. टेकलेला पाय पळत नसतो. ठिपका सरकत सरकत तिसऱ्या आणि चौथ्या झाकणाच्या मध्ये, भर रस्त्यात येऊन थांबला.

"इथे."

"खात्री आहे?" कंत्राटदार आडवा आला.

"नाही. हिशेब आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"चुकलात तर चारचौघांत सांगेन, दीर हिनेच मारला."

"सांगा. आधी वाटेतून बाजूला व्हा."

मुकादमाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चालव रे!"

डांबर फुटलं, खडी उडाली, माती लागली. बोगद्याच्या छतापाशी तिने यंत्र थांबवायला लावलं.

"आता का थांबलात? माणूस मरतोय!" कंत्राटदार ओरडला. मघाशी त्याला हे सुचलं नव्हतं.

"हिशेब बरोबर असेल तर भावजी इथे खालीच आहेत. फावडी घ्या."

माणसं उतरली. माती खसकली, भोक पडलं. आतून आवाज येईना.

"भावजी! अहो, ऐकू येतंय का?"

खालून खोकला आला. "वहिनी, हळू सांगा त्यांना! फावडं नाकाला लागलं असतं."

लोकांनी एकच गिल्ला केला. तिने मात्र वर पाहिलं. यंत्राचं पातं त्या आवाजाच्या बरोब्बर वर लटकत होतं.