एकशे साठ किलोमीटरचा वळसा

गॅलब्रेथसरांनी उभ्या आयुष्यात कामात एकच खोटं लिहिलं, आणि तेही माझ्याच हाती लागायचं होतं!

सव्विसाव्या वर्षी ते स्कॉटलंडहून कॅनडात सस्काटूनला आले आणि अकरा पूल बांधून निवृत्त झाले. नागपूरची इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी दारोदार फिरत होते, तेव्हा त्यांनीच नोकरी दिली, लायसन्ससाठी सही केली. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारणं मला कधी जमलं नाही.

त्यांचा शेवटचा पूल ते राहतात त्याच लहानशा गावात आहे. यंदा नदीवरचं बर्फ फुटल्यावर त्याच्या मधल्या खांबाखालची माती वाहून गेलेली दिसली. पाया चौदा मीटर खोल, अशी सरांच्या अक्षरात नोंद होती, म्हणून मी निर्धास्त होते. तरी तपासणी केली. नऊच निघाला. सोमवारी मी थेट त्यांच्या घरी गेले.

"नोंद चुकली असेल ना, सर?" मी अक्षरशः गयावया केली.

"नाही. नदी गोठायला लागली होती, खोदायचं मशीन बंद पडलं. नऊवर थांबलो, चौदा लिहिलं."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलात?"

"सांगणार होतो गं. मग एफीला पलीकडे ठेवावं लागलं."

एफी त्यांची बायको. नदीपलीकडे वृद्धांच्या केअर होममध्ये असायची. चौऱ्याऐंशी वर्षांचे सर रोज अकराला पूल चालत ओलांडून तिला सूप भरवायचे. दुसऱ्या कोणाच्या हातून ती घास घेत नसे. पूल बंद म्हणजे एकशे साठ किलोमीटरचा वळसा, आणि सरांचं ड्रायव्हिंग केव्हाच सुटलेलं.

"दोन महिने थांब, माधवी. ती फार दिवसांची सोबती नाही."

या माणसाला मी कधी विनवण्या करताना पाहिलं नव्हतं. पण त्याच पुलावरून शाळेच्या बस जातात. त्यांच्याच स्वयंपाकघरातून फोन करून मी पूल बंद करवला.

मंगळवारी अकराला सर सूपचा डबा घेऊन पुलावर लावलेल्या अडथळ्यापाशी हजर!

"माझ्या एकट्याच्या वजनाने काय होणार आहे?"

"नाही म्हणजे नाही!" मी खेकसले. खांबाची पाहणी चालू होती, मला तिथून हलायची सोय नव्हती. "रविवारी मी नेते तुम्हाला."

ऑफिसातल्या कोणाला तरी गाडी घेऊन बोलवावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. सर रोज यायचे, तासभर उभे राहून परत जायचे.

शुक्रवारी एफी गेली. चार दिवस तिने घासाला तोंड उघडलं नव्हतं म्हणे.

रविवारी मी सरांना नेलं, दफनाला. पूल अजून उभाच आहे, आणि मला त्याचा संताप येतो.