येसूबाईंच्या छातीचा फोटो

मित्रांनो, मी एक एक्स-रे यंत्र. आता जुने झाले आहे. कर्जतमधल्या एका लहान दवाखान्याच्या मागच्या खोलीत चादरीखाली पडून आहे. एके काळी नेरळपासून खोपोलीपर्यंतची माणसे माझ्यापुढे छाती टेकवून उभी राहत. विश्वास मात्र थोड्यांचाच. कोणी म्हणे, हे रक्त शोषते. कोणी म्हणे, डॉक्टरच फोटोवर मुद्दाम डाग पाडतात.

एकदा पळसदरीहून येसूबाई आपल्या सुनेला, मालनला, घेऊन आल्या. मालनचे सांधे सुजत, म्हणून ती बरेच महिने गोळ्या खात होती. सूज उतरली, चेहरा गरगरीत झाला, पण संध्याकाळी ताप चढू लागला. फोटोत तिच्या छातीभर नाचणीसारखे बारीक ठिपके दिसले. डॉक्टर प्रमोदिनीबाईंना आधी माझाच संशय आला. त्यांनी फिल्मची पेटी स्वच्छ पुसली आणि पुन्हा फोटो काढला. ठिपके तसेच.

"क्षय आहे," त्या म्हणाल्या. "सांध्यांच्या या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रोगाशी झगडायची ताकद कमी होते. मग क्षय असा फोफावतो."

"रोग लपवून दिली हिला," येसूबाई म्हणाल्या. "माहेरी धाडते उद्याच."

"आमच्याकडं कुणाला नाय, आत्याबाई," मालन खाली बघत म्हणाली.

येसूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले. "मशीनचं तरी काय खरं? माझा फोटो काढा. मला काय बी झालं नाय. माझ्यात डाग निघाला, तर मशीन खोटी."

त्यांच्या फोटोत ठिपके नव्हते. पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी होती.

"खोकला येतो का?" डॉक्टरांनी विचारले.

"मिशेरीचा ठसका हाय तो."

"रात्री सारख्या खोकतात," मालन हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी येसूबाईंची थुंकी तपासली. त्यांनाही क्षय होता, आणि तो जुना होता. कोणाचा कोणाला लागला, हे माझ्या फोटोत दिसत नाही. खोलीतही कोणी विचारले नाही. येसूबाईंनी मालनला स्टुलावर बसवले.

"हिला धाडत नाय," त्या म्हणाल्या. "सुया टोचून घ्यायला आमी दोघी येऊ."

दोघी येत राहिल्या. पुढे मालनचा नवा फोटो निघाला, तेव्हा येसूबाईंनी ओली फिल्म स्वतः खिडकीकडे धरली. ठिपके गेले होते. "अजून एकदा काढा," त्या म्हणाल्या. "या मशीनचा भरवसा नाय."

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. पण घरातल्या आजारी माणसाला दाराबाहेर काढण्याआधी, स्वतः एकदा माझ्यापुढे उभे राहा.