वीस-शून्य

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नरसिंहरावांनी सही करायला नकार दिला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कशाला नकार दिल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कुणाला आठवत नव्हते. हुद्द्याने ते भांडारपाल होते. चेंडू, जाळ्या, शिट्ट्या आणि हवा भरायचा पंप त्यांच्या ताब्यात असे. पण कुंभकोणममध्ये त्यांना ओळखत ते स्कोअरर म्हणून. या काळात पुरुष बास्केटबॉल संघाचा इथे झालेला प्रत्येक सामना त्यांनी टेबलाशी बसून, छापील आकड्यांवर एकेक गुणाची रेघ मारत, कागदावर उतरवला होता. शुक्रवारी, एकतीस तारखेला, ते निवृत्त होणार होते.

क्रीडा संचालक डॉ. चंद्रमौली यांना वाटले, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेले नसावे. त्यांनी पाने पुन्हा पुढे सरकवली.

"इथे, सार. 'नोंदी ताडून पाहिल्या, बरोबर आहेत.' त्याच्या खाली सही."

"पान चौदा बरोबर नाही," नरसिंहराव तमिळमध्ये म्हणाले.

संघाला पन्नास वर्षे झाली म्हणून विद्यापीठ पुस्तिका काढत होते. सुरुवात १९७५ची. बास्केटचे पहिले कडे गावातल्या एका भांडी घडवणाऱ्याने ठोकून दिले होते. ते किंचित लंबगोल होते आणि बाहेरून येणारे संघ दर वेळी तक्रार करत. हे सगळे पुस्तिकेत होते. पान चौदावर मात्र एकच ओळ होती : '२०००–०१ : संघ स्पर्धेत उतरला नाही.'

"उतरला होता," नरसिंहराव म्हणाले. "अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. मी टेबलावर होतो."

"मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. शिवीगाळ करून सामना घालवला, दोन वर्षांची बंदी आली. सोहळ्याच्या पुस्तकात हे छापू? कुलगुरू व्यासपीठावर बसून वाचतील?"

"शिवीगाळ नव्हती."

"मग काय होतं ते तेव्हा का नाही सांगितलं?"

याला नरसिंहरावांकडे उत्तर होते, पण ते तिथे देण्यासारखे नव्हते. चंद्रमौलींनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते.

"सार, तेव्हाच्या कर्णधाराची, रघुरामची मुलगी जननी याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. बापाला कशासाठी बाहेर काढलं ते तिनं पुस्तकात वाचावं का? ही ओळ मी त्याच्यासाठीच मवाळ केली. चार दिवस राहिलेत तुमचे. सुखानं जा."

"दुसऱ्या कुणाची सही घ्या."

"दुसरा कोण होता टेबलावर?"

कुणी नव्हते.

जानेवारी २००१मध्ये अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे यजमानपद या विद्यापीठाकडे होते. संघातले दोघे मराठी घरचे होते, कर्णधार रघुराम आणि कृष्णकुमार. तीन शतकांपूर्वी तंजावरकडे उतरलेल्या घरांतली मराठी ती; चपला आत येताना काढतात, तशी ही बाहेर निघताना दाराशी काढून ठेवायची. रघुरामने ती मैदानात आणली. इशाऱ्याचे चार शब्द त्याने बाकीच्या तमिळ मुलांना पाठ करून दिले. त्यातला मुख्य शब्द होता 'सांड'. सांड म्हणजे टाक, सोडून दे. घरी आजी म्हणायची, आळस सांड, हट्ट सांड. मैदानावर त्याचा अर्थ असा : चेंडू आहे तिथेच सोड आणि पुढे पळ, मागून येतोय तो उचलेल. बंगळुरू, कोळिकोड, वारंगळ, कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही.

अंतिम सामना महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाशी पडला. आदल्या संध्याकाळी नरसिंहराव रघुरामला म्हणाले होते, "उद्यां शब्द बदल रे. त्यांस मराठी कळतें."

रघुराम हसला होता. "त्यांस त्यांची कळते, अण्णा. आमची कोठें कळते?"

तो खरे बोलला होता. त्यांना कळली नाही. महाराष्ट्राचा सेंटर साडेसहा फुटी आणि दांडगा होता. त्याच्या तोंडासमोर प्रत्येक चालीला कुणीतरी 'सांड' ओरडत होते. तिसऱ्या सत्रात त्यांचा कर्णधार पंचांकडे गेला : आमच्या मुलाला हे बैल म्हणतात. पंच उत्तरेकडचे होते. त्यांच्याही भाषेत सांड म्हणजे बैलच. त्यांनी ताकीद दिली, मग तांत्रिक फाउल दिला. रघुरामने हातवारे करून समजावून पाहिले. त्याला हिंदी येत नव्हती, पंचांना तमिळ येत नव्हती, आणि रागाच्या भरात दोघांचीही इंग्रजी पळाली. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद उरलेले असताना, ६१–५८ अशी आघाडी असताना, रघुराम सवयीने पुन्हा ओरडला. कृष्णकुमारने चेंडू सोडला, मागच्याने उचलला, आणि शिट्टी वाजली.

पंच टेबलाशी आले. त्यांना कुणीतरी सांगितले होते की स्कोअररही याच मराठी लोकांपैकी आहे. त्यांनी विचारले, या शब्दाचा तुमच्याकडे अर्थ काय?

स्कोअररने आकड्यांखेरीज बोलू नये, हे नरसिंहरावांना पहिल्या दिवशी शिकवले होते. शिवाय ते तेव्हा रोजंदारीवर होते, नोकरीत कायम करण्याची फाइल वर गेलेली होती, आणि यजमानाचा माणूस यजमानाच्या बाजूने बोलला असे कुणी म्हटले असते तर ती खाली आली असती. ते म्हणाले, "आय ओन्ली राइट, सर."

मग त्यांनी रघुरामच्या नावापुढे डी, म्हणजे बाद, लिहिला. संघ कर्णधाराशिवाय खेळेना. पंचांनी नियमाप्रमाणे सामना समोरच्यांना दिला : वीस-शून्य. तेही नरसिंहरावांनी लिहिले. रघुरामची खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत निवड होत आली होती. ते पत्र आले नाही. नरसिंहराव मार्चमध्ये कायम झाले.

सोमवारी रात्री जेवताना पत्नी विजयलक्ष्मीबाईंनी दोनदा वाढलेला भात तसाच पाहिला.

"पंचवीस वर्षें ती गोष्ट या घरांत राहते आहे," त्या म्हणाल्या. "भाडेकरू असती तर आजवर मी दोन मजले चढविले असते."

"सही केली नाहीं मीं."

"बरें केलेंत. रघूस विचारलेंत?"

"काय विचारायचें?"

"नांव त्याचें, मूल त्याचें. तुम्ही कोणाची लढाई लढतां आहांत, त्याची की तुमची?" त्यांनी ताकाचे भांडे पुढे ठेवले. "उद्यां जा. आणि येतांना पाव किलो पूड आणा. फुकट आणूं नका."

रघुरामचे कॉफीपुडीचे दुकान साक्कोट्टैला होते. मंगळवारी दुपारी नरसिंहरावांनी स्कूटर दारात लावली तेव्हा तो दळणयंत्रात बिया ओतत होता. केस पिकले होते. पंजे मात्र तेच, किलोभर बिया एका ओंजळीत मावत.

"या, अण्णा. पाव किलोच ना? ऐंशी-वीस?"

"तुला कसें कळलें?"

"वहिनींचा फोन आला." त्याने यंत्र बंद केले. "चिकोरी वीस टक्के. कोणी शुद्ध मागतो, त्यास शंभर-शून्य देतों. वीस-शून्य मात्र आजवर कोणी मागितली नाहीं."

नरसिंहराव हसले नाहीत. त्यांनी पान चौदा काउंटरवर ठेवले. रघुरामने चष्मा लावून ती एक ओळ वाचली, मग पानाची मागची बाजू पाहिली, तिथे काही आहे का म्हणून.

"उतरलोंच नाहीं म्हणे," तो म्हणाला. "मग हा गुडघा कोठें फुटला माझा?"

"तुझ्या जननीसाठीं असें लिहिलें म्हणतात."

"तिला सगळें ठाऊक आहे. वर्गांत पोरें तिला बैलाची पोर म्हणतात. ती म्हणते, मग शिंगें सांभाळा."

नरसिंहरावांनी काउंटरची कड धरली. "रघू, तुला एक सांगायचें आहे. त्या दिवशी पंचांनीं मला अर्थ विचारला होता."

"ठाऊक आहे."

"कोणीं सांगितलें?"

"कोणीं कशाला? तीन हातांवर उभा होतों मी." रघुरामने चष्मा काढून पुसला. "तुमचीं दोन पोरें लहान होतीं. मला राग आला नाहीं असें नव्हे. दहा वर्षें आला. मग दुकान वाढलें, रागास वेळ पुरेना. सांडा हो आतां, अण्णा."

"तें जमत नाहीं."

"मग माझ्याकडे काय मागतां? माफी? ती केव्हांच दिली. वजन करून देऊं?"

"खरें लिहितों. तुझें नांव येईल, त्यापुढचा डी येईल. तूं नको म्हणालास तर नाहीं लिहीत."

रघुरामने पूड तोलली. त्याने पुडी बांधली, दोरा गुंडाळला, दाताने तोडला. नरसिंहरावांनी पैसे ठेवले. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले आणि रघुरामने यंत्र सुरू केले. नरसिंहराव पायरी उतरले, स्कूटरला किक मारली, आणि मागून आवाज आला.

एकच शब्द होता. यंत्र घरघरत होते, स्कूटर फटफटत होती. रघुरामने 'सांडा' म्हटले असेल, तर ते वडीलधाऱ्याला म्हणतात तसे होते : जाऊ द्या, सोडा तो विषय. पण नरसिंहरावांच्या कानावर शेवटचा काना आला नव्हता. त्यांना नुसते 'सांड' ऐकू आले होते. आणि रघुराम त्यांना जन्मात कधी एकेरी बोलला नव्हता. तो शब्द तो फक्त मैदानावर ओरडायचा. अर्थ एवढाच असायचा, की सोड तिथेच आणि पळ, मागे मी आहे.

त्यांनी वळून पाहिले. रघुराम पाठमोरा होता, बिया ओतत होता. परत जाऊन विचारता आले असते. नरसिंहरावांनी गिअर टाकला.

स्कोअररच्या टेबलावर खोडरबर नसतो. चूक झाली तर ती पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. बुधवारी सकाळी नरसिंहरावांनी भांडारात बसून पान चौदावरच्या ओळीवर निळ्या शाईने पट्टी लावून रेघ मारली. वरच्या मोकळ्या जागेत तमिळमध्ये लिहिले :

'अंतिम सामना. खेळ थांबला तेव्हा ६१–५८, आघाडी आपली, शिल्लक वेळ १ मिनिट ४८ सेकंद. निकाल वीस-शून्य, हार. कर्णधार रघुराम यांना 'सांड' या शब्दासाठी बाद केले. त्यांच्या घरच्या मराठीत या शब्दाचा अर्थ 'सोड' असा आहे. अर्थ स्कोअररला ठाऊक होता. पंचांनी विचारला असता त्याने सांगितला नाही. – नरसिंहराव, स्कोअरर.'

चंद्रमौलींनी ते दोनदा वाचले.

"तुम्ही स्वतःलाच बाद करताय, सार. तेही निवृत्तीच्या आठवड्यात."

"माझ्या नावापुढे काय लिहायचं ते मीच लिहायला हवं. दुसरं कुणी टेबलावर नव्हतं, तुम्हीच म्हणालात."

"हे छापता येणार नाही."

"छापू नका. पण माझी सही हवी असेल तर ती या मजकुराखाली आहे. त्या ओळीखाली मिळणार नाही."

"कुलगुरूंना काय सांगू?"

"सांगा, स्कोअरर ऐकत नाही."

चंद्रमौलींनी पान फाइलमध्ये घातले. फाडले नाही, आणि मंजूर असेही म्हटले नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता विभागाने नरसिंहरावांना शाल आणि पितळी समई दिली. भाषणात कुणी पुस्तिकेचा उल्लेख केला नाही. पाच वाजता त्यांनी भांडाराची किल्ली देऊन पोच घेतली. घरी जाताना ते पेट्टै रस्त्यावरच्या छापखान्यात थांबले. फाइल गुरुवारी संध्याकाळी आली, असे मालकाने सांगितले. सोळा-सोळा पानांचा दुसरा आणि तिसरा फर्मा छापून झाला होता, गठ्ठे भिंतीला लावलेले होते. पहिल्या फर्म्यात पाने एक ते सोळा होती.

"त्यात पान चौदा कोणतं आलंय?" नरसिंहरावांनी विचारले.

"दोन आलीत," मालक म्हणाला. "एक टंकलेलं, एक हातानं लिहिलेलं. विद्यापीठाला फोन केला. थांबा म्हणाले."

पावणेसहापर्यंत पहिला फर्मा यंत्रावर चढलेला नव्हता.