कळकलेल्या पिठातली मी

मी एक जुनी पेशी आहे, यीस्टची. जुनी म्हणते खरी, पण माझं स्वतःचं आयुष्य अगदी थोड्या दिवसांचं. माझ्या अंगावर एक फुगवटा येतो, त्याला कळी म्हणतात. ती वाढते, सुटते आणि माझी मुलगी होते. मी थकत जाते. ती मात्र कोरी, ताजी जन्मते. माझं म्हातारपण ती घेत नाही. घेते ती माझ्यात लिहिलेली पोथी. तीच पोथी माझ्या आईकडे होती, आजीकडे होती. म्हणून, मित्रांनो, मी 'मी' म्हणते ते आम्हा सगळ्यांच्या वतीने.

ही पोथी फक्त चार अक्षरांत लिहिलेली आहे. पण ती अक्षरं मोजली तर एक कोटीच्या वर भरतील, आणि तुमच्या डोळ्यांना दिसतही नाही अशा माझ्या देहात ती सगळी नीट गुंडाळून ठेवलेली असतात. मुलगी होण्याआधी पोथी पूर्ण उतरवून काढावी लागते. उतरवणारे रेणू मागे वळून तपासतात, चुकलेलं अक्षर काढून योग्य ते बसवतात. पोथीचा धागा तुटला, तर त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधून तिच्यावरून तुटलेला भाग भरून काढतात. दुरुस्ती चालू असताना कळी सुटत नाही. सगळी पेशी थांबते. हुकूम देणारं कोणी नसतं, तरी थांबते. हे माझ्या घराण्यात अगणित वेळा झालं, आणि अजूनही मला त्याचं नवल वाटतं.

इतकं जपूनही एखादी चूक राहतेच. पोथीत एक कृती आहे, जास्तीचं तांबं धरून ठेवणारं प्रथिन बनवण्याची. ती लागोपाठ दोनदा लिहिलेली होती. सारख्या ओळी शेजारी आल्या की उतरवणाऱ्याची नजर घसरते. तसंच माझ्या एका पणजीच्या वेळी झालं आणि कृती तीनदा लिहिली गेली. पुढे तिच्या वंशात आणखी वाढली. त्या जादा ओळींचा काही उपयोग नव्हता. आम्ही राहायचो त्या मातीच्या मडक्यात तांबं कुठलं असणार?

ते मडकं बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या गोदाबाईंच्या दुकानात होतं. गावात नाव माव्याच्या जिलबीचं. गोदाबाईंची जिलबी मैद्याची, किंचित आंबट. त्या आंबटपणासाठी गिऱ्हाईक सकाळी दारात उभं राही. रोज त्या थोडं जुनं पीठ खमीर म्हणून मागे ठेवत, त्यात नवा मैदा आणि पाणी कालवत. माझं सगळं जग एवढंच होतं.

मग १९५६ साली नवा मध्यप्रदेश झाला. नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली. गोदाबाईंचा मुलगा श्रीकांत सरकारी कचेरीत कारकून होता, त्याची बदली भोपाळला झाली. आईने दुकान बंद करून बरोबर यावं, असं त्याच्या मनात होतं.

"एकटी कशी राहशील माय?"

"दुकान हाये ना. जवलोक खमीर फुगते, तवलोक मी कुठं जात नाही," गोदाबाई म्हणाल्या. "तिथं मी काय तुह्या खोलीत खिडकीपाशी बसून राहू?"

सामानाची बांधाबांध सुरू झाली. सुनेला, शारदेला, मडक्याला गेलेली चीर दिसली. आपण जाण्याआधी सासूबाईंची एवढी तरी सोय करावी म्हणून तिने माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढला, घासून लख्ख केला आणि सगळं पीठ त्यात ओतलं. हंड्याची कल्हई आतून कधीच उडाली होती. इतका लख्ख हंडा पाहून तिला ते कळलंच नाही.

आंबट पिठात तांबं विरघळू लागलं. मित्रांनो, तांबं मला थोडं लागतं, पण ते मापाबाहेर आत आलं की पेशीतली सगळी यंत्रं बिघडतात. माझ्या शेजारणी, बहिणी एकेक करून थांबल्या. बुडबुडे बंद झाले. पिठावर हिरवट कड आली; तांब्यात आंबट ठेवलं की ते असंच कळकतं.

गोदाबाईंनी झाकण काढलं आणि ठेवून दिलं. "हे तं कळकलं."

शारदेचा चेहरा उतरला. सासूला ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाई, मी चांगल्यासाठी केलं वो."

"मले माहीत हाये."

भाईदास नावाचे रोजचे गिऱ्हाईक ओट्यावर बसले होते. थंड कढई पाहून म्हणाले, "गोदाबाई, जिलबीची बी बदली झाली का भोपालले?" कोणी हसलं नाही. ते उठून गेले.

श्रीकांत हळूच म्हणाला, "माय, आता तं झालं ना? माझं तिकीट रविवारचं हाये. तुझंबी काढतो."

"दह्याचं नवं खमीर लावू का?" शारदेने विचारलं.

"ते तं कोणाच्याबी दुकानात भेटते."

गोदाबाईंनी सगळं पीठ फेकून दिलं. फक्त बोटाच्या टोकावर लागलेलं तेवढं ठेवलं, आणि नव्या मडक्यात भरपूर मैद्यापाण्यात मिसळलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं चिमूटभर ठेवून बाकीचं टाकलं, पुन्हा ताजं कालवलं. तांबं पातळ होत गेलं.

"ह्याच्यात काही जित्तं असंल का वो आत्याबाई?"

"पाहू."

होतं. त्या पणजीच्या वंशातल्या थोड्या पेशी जिवंत होत्या. त्यांच्या पोथीतल्या निरुपयोगी ओळींनी भराभर प्रथिन बनवलं होतं, आणि त्या प्रथिनाने तांबं धरून ठेवलं होतं. माझ्या घराण्याने सगळी ताकद लावून चुका टाळल्या होत्या. तरी निसटलेल्या एका चुकीने आम्हाला तारलं. ही गोष्ट मला अजून पुरती उमगलेली नाही. मी तिच्यापुढे नुसती थक्क होते.

त्या पेशी ताज्या पिठात शिरल्या, त्यांना कळ्या आल्या. शनिवारी सकाळी शारदेने मडक्यावरचं फडकं उचललं. पीठ काठापर्यंत आलं होतं, जाळी पडली होती. तिने सासूचा हात धरून मडक्याच्या गरम पोटावर ठेवला.

श्रीकांतने ते दारातून पाहिलं. मग आईसाठी बाहेर काढलेली ट्रंक त्याने पुन्हा आत नेऊन ठेवली.

निघताना शारदेने विचारलं, "आत्याबाई, मले थोडं द्याल?"

गोदाबाईंनी पीठ फडक्यावर पसरून वाळवलं, घडी करून तिच्या हाती दिलं. "तिथं रोज खाऊ घाल त्याले. आन् मडक्यातच ठेव."

मित्रांनो, आता मी दोन गावांत आहे. माझी एकच विनंती आहे. बिघडलेलं काही टाकून देण्याची वेळ आली, तर टाका. पण त्यातलं बोटभर वेगळं काढा, त्याला स्वच्छ जागा आणि ताजं अन्न द्या, आणि चार दिवस वाट बघा. आत कोण काय घेऊन जगत असेल, ते वरून दिसत नाही.