तळातला नवरा

आमच्या 'हेबी' नावाच्या युद्धनौकेवर वल्हेकरी तीन मजल्यांवर बसतात. वरच्यांना वारा मिळतो, मधल्यांना सावली, आणि आम्हा तळातल्यांना वरच्याचं बूड. मधली बाकं जरा बाजूला असल्यानं माझ्या नाकासमोर वरच्या ओळीतल्या स्ट्राटोनचं होतं. माणूस मनानं चांगला, पण न्याहारीला मसूर आणि लसूण चापून यायचा. वल्ह्याला जोर लावला की त्या न्याहारीची सगळी खबर मला मिळायची.

तेही मी सोसलं असतं. माझं दुखणं वेगळंच होतं. आरमार निघालं की पिरियस बंदराच्या धक्क्यावर बायका जमतात आणि वरच्या ओळीतल्या आपापल्या नवऱ्यांना हात हलवतात. माझी मेलित्ता मात्र नुसतीच उभी. तळातला माणूस बाहेरून दिसतच नाही. पाण्याच्या जरा वर एक भोक, लाटा आत येऊ नयेत म्हणून त्यावर ताणलेली चामड्याची पिशवी आणि तिच्यातून बाहेर आलेलं वल्हं, एवढंच काय ते दिसतं. आणि सगळ्या पिशव्या एकसारख्या.

"अहो, त्यातलं तुमचं वल्हं कुठलं?" ती विचारायची.

"मागून मोजत ये की."

"मोजेपर्यंत तुमची नौका थांबते का? इतकी वर्षं कुणाच्या वल्ह्याकडे बघून डोळे पुसतेय, देव जाणे!"

हे माझ्या फार जिव्हारी लागलं. मी वल्हेकऱ्यांचा मुकादम हर्मोन याच्यामागे लकडा लावला की मला वर बसवा. मुकादम वैतागला.

"मुनिखियाच्या उत्सवात शर्यत आहे," तो म्हणाला. "तू वर बस, स्ट्राटोन खाली बसेल. जिंकलो तर जागा तुझी. हरलो तर मरेपर्यंत खालीच, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"तोंड मी तसंही उघडत नाही, हर्मोनदादा. वर स्ट्राटोन असतो ना."

शर्यतीच्या दिवशी मी माझं वल्हं, ते बांधायचा पट्टा आणि बुडाखाली घ्यायचं चरबी लावलेलं मेंढीचं कातडं घेऊन ऐटीत वर चढलो. मेलित्ताला सांगूनच ठेवलं होतं की आज मी दिसणार. ठेका धरणाऱ्या पाव्यावाल्यानं पावा फुंकला आणि आम्ही वल्ही टाकली.

पहिल्याच ओढीला माझी मान खाली गेली. त्याचं असं आहे, तळात आमच्या डोक्यापाशी तुळई असते. वल्हं टाकायला पुढे झुकताना मान लवली नाही तर कपाळ फुटतं. वर तुळई नव्हती, पण हे मानेला कोण सांगणार? मी आपला ओढीगणिक समुद्राला नमस्कार घालत होतो. आणि खाली स्ट्राटोन, ज्याला जन्मात कधी मान लववावी लागली नव्हती.

ठाण्! "आई गं!" ठाण्! "मेलो!"

"फिलिनोस, कुणाच्या पाया पडतोयस रे?" मुकादम ओरडला.

"मान ऐकत नाही, दादा!"

तेवढ्यात मी समोर बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. वल्हेकरी पाठमोरे बसतात, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही, पण मागचं सगळं दिसतं. मागून दुसरी नौका येत होती. तिच्या नाळेची धडक मारायची काशाची चोच पाणी फाडत होती आणि नाळेवरचे रंगवलेले दोन डोळे थेट माझ्याकडे रोखलेले. मी दोन खऱ्या लढायांत वल्हं ओढलंय, पण तळातून. तिथे फक्त पावा ऐकायचा असतो. शूर असण्यासाठी अंधार किती लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझं वल्हं शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळलं, त्यानं माझ्या आईचा उद्धार केला.

मग मी एकच केलं. डोळे घट्ट मिटले. लगेच पावा नीट ऐकू आला, वल्हं ठेक्यात पडू लागलं. नमस्कार घालत घालत मी शेवटपर्यंत ओढत राहिलो. डोळे उघडले तेव्हा आम्ही जिंकलो होतो.

धक्क्यावर मेलित्ता केशरी शेला पांघरून उभी होती.

"दिसलो का?"

"अख्ख्या धक्क्याला दिसलात! शेजारीण विचारत होती, तो डोळे मिटून पाया पडणारा कोण गं? मी म्हटलं, माझ्या ओळखीचा नाही." मग ती हळूच म्हणाली, "आणि मी? हा शेला विणायला हिवाळा गेला. तुम्हाला दिसावं म्हणून खडकावर चढले होते. दिसले?"

मला खोटं बोलता आलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच हसली, आणि मला रडू आलं.

संध्याकाळी स्ट्राटोन आला. कपाळावर टेंगळांची रांग. "जागा तुझी आहे बाबा, पण माझं डोकं फार दिवस टिकायचं नाही."

"घे तुझी जागा परत. पण नौका निघायच्या दिवशी मसूर बंद."

तो घासाघीस करू लागला. "लसूण चालेल?"

"नाही."

आरमार निघण्याआधी पिशव्यांना चरबी लावायची असते. मेलित्तानं माझी पिशवी घरी मागवून घेतली आणि शेल्याची कड फाडून तिच्यावर शिवली. "आता बघू कसा चुकतोय नवरा."

आम्ही निघालो. मी तळात, अंधारात, ओळखीच्या तुळईखाली. पावा सुरू झाला. वरून स्ट्राटोनचा आवाज आला, आणि लसणाचा वासही.

"फिलिनोस, तुझी बायको दिसतेय. हात हलवतेय."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुझ्याच वल्ह्याकडे बघतेय की!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ओढीच्या मध्ये मान वर केली.

ठाण्!

टेंगूळ कितीतरी दिवस होतं. मी ते अधूनमधून चाचपून बघायचो.