टर्बोची बारीक शिटी

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की कुणालाही विचारा, कानवाला मिस्त्री कुठे बसतो. रिक्षावाला असो की कॉलेजातलं पोरगं, हात वर करून दाखवेल. नूर महंमदच्या गॅरेजवर कधी पाटी लागली नाही, कारण कधी गरजच पडली नाही. बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडतात, मग पाने काढतात आणि मग गिऱ्हाइकाचा घाम. नूर महंमद फक्त हातभर लांबीचा पेचकस काढायचा. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसऱ्या नंबरचा नोझल गेलाय. खोलून बघितलं की तिसऱ्या नंबरचाच नोझल गेलेला असायचा. त्याचा आजा पिंजारी होता. पिंजणाच्या आवाजावरून तो कापूस ओला की कोरडा ते ओळखायचा म्हणे. कान घराण्यातच होता, असं लोक बोलायचे, आणि नूर महंमदलाही ते ऐकायला फार आवडायचं.

आता खरं सांगायचं तर हा कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता.

अगदी ठार बहिरा झाला नव्हता तो. जाड आवाज यायचे. ट्रकचा हॉर्न, हातोडा, समोर उभं राहून बोलणारा माणूस, हे सगळं यायचं. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी कुकरची शिटी गेली. बायको कनीज त्याच्या भरवशावर गॅस चालू ठेवून शेजारी गेली आणि डाळ जळून घरभर धूर झाला, तरी हा पठ्ठ्या तिथेच पेपर वाचत बसलेला. कनीजने अर्धा तास तोंडसुख घेतलं, त्यातलंही त्याला निम्मंच ऐकू आलं. मग मोबाइलची रिंग गेली, पाखरं गेली. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून बसल्यावर दुसरं काय व्हायचं?

हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. धाकटी मुलगी नाजमीन गॅरेजचे फोन आणि सुट्या भागांची मागणी बघायची, तिने मात्र ओळखलं होतं. ओळखल्यापासून ती बापाशी बोलताना नेहमी समोर येऊन, तोंड उजेडात धरून बोलायची.

"अब्बा, कानाचं मशीन घेऊ या ना," ती म्हणायची.

"कानवाल्या मिस्त्रीच्या कानात मशीन? उद्यापासून लोक हसायलाच येतील, पोरी."

आणि काम काही अडत नव्हतं. बॉनेटवर तळहात ठेवला की थरथर कळायची, धुराचा रंग आणि वास बाकीचं सांगायचा. पेचकस तो अजूनही कानाला लावायचा, पण आता ती निव्वळ सवय होती, आणि थोडंफार नाटकही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात जुन्या गाड्या विकून देणारा रुपचंद एजंट एक चंदेरी, सात सीटची डिझेल गाडी घेऊन आला. गाडी यावलच्या एका केळीवाल्याची होती, आठ-नऊ वर्षं वापरलेली. इंजिन असं घासूनपुसून धुतलेलं, की त्यावर जेवण वाढावं. रुपचंदसोबत पिंपळनेरकडचे धनसिंग नाना आणि त्यांची बायको तानुबाई होती. तानुबाई बाकड्यावर बसली आणि तिने चपला काढून ठेवल्या. पाय एवढे सुजले होते की चपलांचे पट्टे त्यांत रुतून बसले होते.

"नूरभाऊ, आमनी मंडळीले आठवडामा दोनदा धुळाले आनीसन रगत साफ करनं पडस," नाना म्हणाले. "एसटीमा आते तिले बसवत नही. तुम्ही हो म्हना, मंग मी गाडी लेस."

"माले गाडीमधलं काय समजस नही, भाऊ," तानुबाई बाकड्यावरून म्हणाली. "फक्त रस्तामा बंद पडाले नको."

नूर महंमदने बॉनेट उघडलं. रुपचंदला रेस द्यायला सांगितली आणि पेचकस टेकवला. इंजिनाची जाड खटखट हाडांतून आली, ती ठीक होती. पंप ठीक होता. मग पेचकस टर्बोवर आला. टर्बो म्हणजे तळहाताएवढा पंखा, मिनिटाला लाखभर फेरे मारणारा. धडधाकट असला तर त्याची एक बारीक, सरळ शिटी येते. बेअरिंग झिजलं की तीच शिटी किंचाळायला लागते, आणि मिस्त्रीला सगळं तिच्यावरूनच कळतं.

नूर महंमदला ना शिटी आली, ना किंचाळी. तिथे नुसती पोकळी होती.

दुसरा उपाय त्याला ठाऊक होता, त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरांनाही ठाऊक होता. होस पाइपच्या दोन क्लिपा सोडायच्या, पाइप बाजूला करायचा आणि पंख्याच्या दांड्याला बोटाने हलवून बघायचं. दांडा डुगडुगला की टर्बो संपलाय. दहा मिनिटांचं काम. त्याचा हात क्लिपेपर्यंत गेलाही.

"काय नूरभाऊ," रुपचंद स्टिअरिंगमागून हसला, "आता तुम्हीपण खोलून बघायला लागले का?"

बाकड्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती, चहावाला पेले गोळा करत उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. नाना तर देवळात उभं असल्यासारखे बघत होते. नूर महंमदचा हात क्लिपेवरून मागे आला. त्याने पुन्हा पेचकस कानाला लावला, डोळे मिटले, आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजले.

"टर्बो ठणठणीत आहे," तो म्हणाला. "घ्या, नाना."

तपासणीचे पैसे त्याने घेतले नाहीत. आजारी माणसाच्या गाडीचे कसले पैसे, म्हणाला. नाना पाया पडायलाच निघाले होते. मग त्याने त्यांना गाडी कशी सांभाळायची ते नीट समजावून सांगितलं. ऑइल वेळेवर बदला, त्यात कंजूषपणा नको. तुमच्याकडे धूळ फार, एअर फिल्टर दर महिन्याला साफ करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लांबून आलात की लगेच चावी फिरवायची नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि आतल्या आत जळून त्याचा कोळसा होतो. गाडी उभी करून मिनिटभर चालू ठेवायची.

"साठपर्यंत मोजा," तो म्हणाला. "साठ झाले की चावी."

नानांनी हे असं पाळलं, की घेतलेलं व्रतसुद्धा कुणी इतकं पाळत नसेल. मोजायचं काम तानुबाईने स्वतःकडे घेतलं. शाळा तिने दुसरीत सोडलेली, पण आकडे पक्के होते. गाडी दवाखान्याच्या फाटकाशी थांबली की आधी ती एक ते साठ मोठ्याने म्हणायची आणि मगच दार उघडायची. चाळीसच्या पुढे तिला धाप लागायची, तरी नानांना मोजू द्यायची नाही. हे सगळं नानांनीच नूर महंमदला सांगितलं होतं, पौषात तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आले तेव्हा. त्या दिवशीही गाडी बाहेर चालूच होती आणि काचेआड तानुबाईचे ओठ हलत होते. नूर महंमदने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. गाडी चालतेय म्हणजे आपण बोललो ते खरंच होतं, असं त्याने मनाला पटवलं. खरं तर तेव्हाच दोन क्लिपा सोडता आल्या असत्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी फोन आला. नाजमीनने तो घेतला, ठेवला आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

नानांच्या पुतण्याचा फोन होता. नेरच्या अलीकडे भर उन्हात गाडी अचानक किंचाळली आणि मागून पांढराशुभ्र धूर निघाला. नानांनी गाडी कडेला घेतली, चावी काढली, तरी इंजिन बंद होईना. टर्बो फुटून इंजिन आपलंच ऑइल पीत होतं आणि आपोआप रेस घेत होतं. चावी नानांच्या हातात आणि गाडी बोंबलतेय. आता पेट घेणार म्हणून त्यांनी तानुबाईला ओढून बाहेर काढलं आणि कडुलिंबाखाली निजवलं. धूर बघून येणारे-जाणारे लांबूनच निघून गेले. आधीच्या शुक्रवारी ताप होता म्हणून रक्त साफ करायची तिची एक खेप चुकलेली, अंगात पाणी भरलेलं, आडवं निजवलं की श्वास कोंडायचा. दुसरी गाडी मिळेपर्यंत सव्वा तास गेला. दवाखान्याच्या फाटकातच ती गेली.

नूर महंमद जागेवर बसला. त्याच्या हातात एका मोटरसायकलचा प्लग होता, तोच पुसत राहिला.

मेच्या मध्यावर नाना ती गाडी ट्रॅक्टरला टोचन करून घेऊन आले. अंगावर मळका सदरा होता, आणि दाढी वाढलेली. ते बाकड्यावर बसले नाहीत.

"दुरुस्त नका करू, भाऊ," ते म्हणाले. "फक्त उघडी दखा. माले एक गोट इचारनी शे."

त्या दिवशी साक्रीला तानुबाईला उलटी येतेय म्हणून त्यांनी घाईने गाडी थांबवली होती. साठ मोजले नव्हते. थेट चावी फिरवून ते तिला उतरवायला धावले. पुढे तासाभरात गाडी फुटली.

"बठ्ठा दिन मोजात," नाना म्हणाले. "तो एकच दिन नही मोजात. त्यानामुळेच व्हयनं ना? मीच मारी टाकी ना तिले?"

मुलगा समजूत घालतो, सून घालते, पण रात्री झोप येत नाही. डोळा लागला की तानुबाई मोजत असते आणि चाळीसला थांबते.

 नूर महंमदने दोन क्लिपा सोडल्या, पाइप काढला, मग टर्बोच उतरवून बाकड्यावर आणला. दांडा बोटाने हलवायचीही गरज नव्हती, तो मोडूनच पडला होता. मग त्याने आतलं कवच उजेडात धरलं. पंख्याने कवच घासून खोल चर पाडला होता आणि त्या चरावर काळी, घट्ट पुटं चढली होती. ऑइलची नळी कोळशाने जवळजवळ बंद झालेली. असा चर एका दिवसात पडत नाही, सहा महिन्यांतही पडत नाही. गाडी यावलहून आली तेव्हाच हा टर्बो मेलेला होता. तेव्हा तो किंचाळतच असणार, आणि कुठल्याही शिकाऊ पोराला ते ऐकू आलं असतं.

"तुमची चूक नाही, नाना," तो म्हणाला. "एका वेळेने काही होत नाही. जुनी गाडी, होतं असं. कुणाचीच चूक नाही."

नानांनी मान हलवली. "मन राखासाठे बोली राहिनात तुम्ही. तुम्ही सोता कान लावा व्हता. तवय टर्बो चांगला व्हता. मंग बिघाडा कोन? मीच ना!"

 नूर महंमदचा शब्द नानांना इतका पक्का वाटत होता, की त्यापायी ते स्वतःला फासावर चढवायला तयार होते. तो गप्प राहिला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. कवच भंगारात गेलं असतं, आणि हा म्हातारा मरेपर्यंत रोज रात्री चाळीसवर येऊन थांबला असता. तेवढं मात्र नूर महंमदला सोसवेना. त्याने कवच उचलून नानांच्या हातात दिलं, त्यांचं बोट धरून त्या चरावरून फिरवलं.

"हाई जुनं शे, नाना," तो म्हणाला. लहानपणीची बोली आपोआप तोंडात आली. "गाडी लिधी तवयपासून शे. माले आयकूच येत नही. तीन वरीस व्हयनात. तवय बी काहीच आयकू उनं नव्हतं. मी खोटं बोलनू."

तो किती मोठ्याने बोलला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुधा फारच मोठ्याने, कारण चहावाला वळून बघायला लागला आणि आतून नाजमीन धावत दारात आली.

नानांनी कवचाच्या चरावरून स्वतःच पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी ते अलगद बाकड्यावर ठेवलं आणि गाडीकडे गेले. तानुबाई बसायची त्या दारावर त्यांनी हात टेकवला आणि पाठमोरे उभे राहून ते बोलू लागले. नूर महंमदला त्यांचा जबडा हलताना दिसत होता, खांदे हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. तो दोन पावलं पुढे गेला, तरी काहीच आलं नाही. नाना बराच वेळ बोलत होते. मग ते ट्रॅक्टरवर चढले आणि गाडी तिथेच सोडून निघून गेले.

"काय म्हणाले?" नूर महंमदने विचारलं.

दारात उभ्या नाजमीनने सगळं ऐकलं होतं. 

"काय म्हणाले ते? सांग ना."

इतकी वर्षं ती बापासमोर येऊन, तोंड उजेडात धरून बोलत आली होती. आज ती खाली वाकली, जमिनीवर पडलेल्या दोन क्लिपा उचलायला लागली आणि मान खाली घालूनच काहीतरी पुटपुटली.

माफी असती तर पोरीने ती धावत येऊन सांगितली असती. एवढं कळायला त्याला कान लागत नव्हता. त्याने पुन्हा विचारलं नाही.