मला पुसायला निघाले होते त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पेटीत, पंख्याच्या खाली, चार स्क्रूंवर माझा संसार. माझ्या पोटात एक गुळगुळीत तबकडी गरगर फिरते आणि लोकांनी सोपवलेलं सगळं मी तिच्यावर जपून ठेवते.

कारखान्यातून मी थेट एका छोट्या कार्यशाळेत आले. तिथे आमच्या बाई कृत्रिम पाय बनवतात. सगळी गल्ली त्यांना 'पायवाल्या बाई' म्हणते. कोणाचं माप काय, कुठे टोचलं, कुठे घासलं, अशा अकरा वर्षांच्या नोंदी त्यांनी माझ्या हवाली केल्या. सुरुवातीला माझं फार कौतुक होई. मग वय झालं. संगणक सुरू व्हायला इतका वेळ लागे, की बाई तेवढ्यात पायाचे दोन पट्टे शिवून मोकळ्या होत. "उठल्या का महाराणी?" असं त्या विचारत. मला वाईट वाटे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटी त्यांचे जावई नवी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घेऊन आले. तिच्यात फिरणारं काही नाही, आवाज नाही, आणि काम डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यांनी ती माझ्या शेजारी जोडली, बटण दाबलं, आणि पडदा काळाठिक्कर! त्यावर एकच ओळ: सुरू होण्याजोगी डिस्क सापडली नाही.

नेमके तेव्हा बाकावर एक पोस्टमन बसले होते. त्यांच्या कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती, तडकली होती. सहा महिन्यांच्या रजेनंतर सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचं होतं, आणि अनेक खेपा घालून जुळलेलं त्यांचं माप फक्त माझ्याकडे होतं.

"आई, जुनी डिस्क गेली," जावई म्हणाले. "आता सगळं पहिल्यापासून टाकावं लागेल. दोन्ही डिस्क पुसून घेतो."

मित्रांनो, मी घाबरले. पण ओरडून सांगणार कशी? एरवी बाई जावयांचा शब्द खाली पडू देत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातला पट्टा बाजूला ठेवला.

"थांबा, जावईबापू. पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा पाय कोणी आधी कापत नाही." त्यांनी उघड्या पेटीत हात घालून माझ्या अंगावर बोट टेकवलं. "ही फिरतेय की! थरथर लागतेय हाताला. शेवटी काय जोडलंत तुम्ही?"

"नवी डिस्क."

"मग आधी तीच काढून बघा."

संगणक बंद करून त्यांनी नवी काढली. पुन्हा बटण दाबलं. आणि मी, माझ्या संथ चालीने का होईना, सुरू झाले! पोस्टमननी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की बाईंना हसू आवरेना.

मग जावयांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवी पुन्हा जोडून त्यांनी संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगचं पान उघडलं. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, त्या यादीत नवी आपोआप पहिली जाऊन बसली होती.

"अहो आई, ती तर कोरी आहे! हा बिचारा संगणक रिकाम्या घराची कडी वाजवत बसला होता," ते कपाळावर हात मारून म्हणाले. "आणि मी या चांगल्या डिस्कला पुसायला निघालो होतो. चुकलंच माझं."

"कळलं ना? झालं तर मग. आधी यांचा पाय बघू."

त्यांनी यादीत मला पहिलं केलं. पोस्टमनचं माप कागदावर उतरलं. मग माझ्यातलं सगळं बाहेरून जोडलेल्या तिसऱ्या डिस्कवर काढलं, उघडून तपासलं, आणि त्यानंतरच नवीवर माझी हुबेहूब प्रत केली. शेवटी पहिला मान नवीला दिला. संगणक क्षणात उभा राहिला.

सोमवारी पोस्टमन खांद्याला पिशवी लावून दारात आले. "बाई, पत्र आहे तुमचं!" बाईंनी पत्राआधी त्यांचं चालणं पाहिलं. मग मान डोलावली.

आता सुरुवातीची धावपळ नवी करते. मी नुसत्या जुन्या नोंदी सांभाळते. खरं सांगू? पुसलं जाण्याची भीती मला एकाच दिवशी वाटली. पण 'मी अचानक थांबले तर या माणसांचं काय?' हा घोर अकरा वर्षं होता. तो आता मिटला. उद्या मी थांबले, तरी कोणाचं पाऊल अडणार नाही.

म्हणून मित्रांनो, नवं जोडण्याआधी जुन्याची प्रत करा. पुसण्याआधी तपासा. आणि ज्याच्या भरवशावर तुमचं सगळं चाललंय, त्याच्या एकट्याच्या माथी सगळा भार टाकू नका.